भामटा, बेरड, वाघरी : शिव्या झालेल्या नावांची पार्श्वभूमी

फसवणाऱ्याला आपण मराठीत भामटा म्हणतो. पोर ऐकेनासं झालं की ‘अगदी बेरड आहे’ म्हणतो. कुणी गबाळं राहिलं तर ‘कैकाडी’ हा शब्द तयारच असतो. ही तिन्ही जमातींची नावं आहेत. त्या नावांची माणसं आजही आहेत आणि शाळेत हजेरीला त्यांच्या मुलांना ती ऐकावी लागतात.

बडोद्याच्या मराठी घरांत या यादीत गुजरातीतून आणखी एक नाव आलं: वाघरी. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्यात बोहारीण यायची. डोक्यावरच्या टोपलीत स्टीलची पातेली, डबे, चाळण्या. ती ओट्यावर बसे, जुनी साडी उजेडाकडे धरून विरलेली जागा शोधे, काठ नखाने खरवडून जर खरी आहे का ते पाही, आणि मग एका पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस चाले. आजी तिच्याशी हसून बोलायची, चहाही द्यायची. पण ती फाटकात दिसली की आधी आत हाक यायची, “वाघरण आली गं, चपला आत घे.” इतक्या वर्षांत तिने आमच्याकडची एक वस्तूही उचलली नव्हती. तरी ती हाक कधी चुकली नाही. ती हाक मीही मारली आहे, आणि त्याची मला आज लाज वाटते.

या संशयाला सरकारी शिक्का मिळाला तो १८७१ साली. गुन्हेगार जमाती कायदा मांडताना कौन्सिलात जो युक्तिवाद झाला, तो असा: हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तेव्हा पिढीजात गुन्हेगारांचीही जात असणारच. एवढ्या आधारावर आख्ख्या जमाती ‘गुन्हेगार’ जाहीर करायची मुभा सरकारला मिळाली, आणि त्या जाहीरनाम्याला कोणत्याही कोर्टात आव्हान द्यायचं नाही, हेही कायद्यातच लिहिलं. चोरी शाबित व्हायची गरजच उरली नाही. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, परगावी जायचं तर पास घ्यायचा. १८९७ च्या दुरुस्तीने मुलांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवण्याची सोय झाली. कायदा आधी उत्तरेत होता. १९११ साली तो मुंबई इलाख्यासह सगळ्या ब्रिटिश मुलखात लागू करण्याची वाट मोकळी झाली आणि बोटांचे ठसे घेणंही त्यात आलं. सोलापुरात काटेरी तारेच्या कुंपणात अशा लोकांची वसाहत होती. त्या भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात.

ही माणसं त्याआधी करत काय होती? लमाण बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ वाहत. रामोशी गावाची आणि गडाची राखण करत. रेल्वे आली, मिठावर कर बसला, जंगलात शिरायला बंदी झाली, आणि पोट भरायचे रस्ते एकेक करून बंद झाले. फिरत्या माणसाला पत्ता नसतो, सारा वसूल करता येत नाही. सरकारला तो खुपणारच. शिवाय कर्नाटकातल्या हलगलीच्या बेरडांनी १८५७ मध्ये हत्यारं खाली ठेवायला नकार दिला होता, हे इंग्रज विसरले असतील असं मला वाटत नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला. स्वातंत्र्याच्या पाच वर्षांनंतर. म्हणून या जमातींना ‘विमुक्त’ म्हणतात आणि तो दिवस त्या मुक्तिदिन म्हणून पाळतात. पण राज्यांनी सराईत गुन्हेगारांचे कायदे आणले. बडोदा तोवर मुंबई राज्यात विलीन झालं होतं. तिथला कायदा १९५९ चा. कागदावर आता जमात नव्हती, एकेकटा माणूस होता. पोलिस ठाण्यातल्या नजरेत मात्र जमात तशीच राहिली.

फेब्रुवारी १९९८ मध्ये बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर या खेडिया सबर तरुणाला पोलिसांनी धरून नेलं. बायको बरोबर होती. कोठडीत तो मेला, आणि गमछाने गळफास घेतल्याचं सांगण्यात आलं. पुढच्याच महिन्यात बंगाली लेखिका महाश्वेतादेवी बडोद्यात व्याख्यानाला आल्या आणि विमुक्तांविषयी बोलल्या. गणेश देवी तेव्हा विद्यापीठातली प्राध्यापकी सोडून इथे आदिवासींच्या भाषांसाठी काम करणारी ‘भाषा’ ही संस्था चालवत होते. या दोघांनी ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाडांसह तेजगढला विमुक्त आणि भटक्यांच्या हक्कांसाठी संघटना उभी केली. तेजगढ त्या वेळी बडोदा जिल्ह्यातच होतं. अहमदाबादच्या छारानगरात त्याच वर्षी वाचनालय निघालं आणि तिथल्या छारा या विमुक्त जमातीच्या मुलांनी बुधनच्या मृत्यूवर नाटक केलं. ज्यांना लहानपणापासून चोर म्हणून हिणवलं, ती मुलं पोलिसांच्या भूमिकाही स्वतःच करत होती.

त्यानंतर विमुक्त आणि भटक्यांसाठी केंद्राचा रेणके आयोग झाला, इदाते आयोग झाला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतले जातीवर बेतलेले नियम रद्द केले आणि विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानीने अटक होऊ नये, याकडे लक्ष द्यायला पोलिसांना बजावलं.

वाघरी समाज आता स्वतःला देवीपूजक म्हणवतो. आमच्या गल्लीत येणाऱ्या बाई अजून येतात. गेल्या दिवाळीत मी त्यांना नाव विचारलं. त्यांनी आधी साडीची घडी घातली, मग माझ्याकडे पाहून विचारलं, “केम, कंई गयुं छे?” का, काही गेलंय का?