मुखपृष्ठावरची स्लिप : अमेरिकी पॉकेटबुकांतील एका वस्त्राची पार्श्वभूमी

१९४५ ते १९५५ या काळातील अमेरिकी पॉकेटबुकांच्या, म्हणजे खिशात मावणाऱ्या स्वस्त कागदी पुस्तकांच्या, मुखपृष्ठांवर पलंगाच्या कडेला बसलेली किंवा अर्धवट उघड्या दारात उभी असलेली स्त्री वारंवार दिसते. तिच्या अंगावरच्या कपड्याला आजचे विक्रेते आणि संग्राहक सर्रास ‘नेग्लिजे’ म्हणतात. पुष्कळदा ती साधी स्लिप असते.

हा फरक किरकोळ नाही. नेग्लिजे म्हणजे रात्रीच्या कपड्यांवरून घरातच घालायचा, पुढून उघडा, झिरझिरीत झगा. तो फुरसतीचा आणि ऐपतीचा. स्लिप म्हणजे ड्रेसच्या आत दिवसभर घालायचे, खांद्यावरच्या बारीक पट्ट्यांपासून गुडघ्यापर्यंत येणारे सलग वस्त्र, जे टायपिस्टही घालत असे आणि हॉटेलात जेवण वाढणारी मुलगीही. आपल्या शमीजशी तिचे नाते जवळचे आहे, आणि परकर कमरेखालीच असल्यामुळे तो शब्द इथे उपयोगाचा नाही. नेग्लिजेतली स्त्री कोणाची तरी वाट पाहत असते. स्लिपमधली स्त्री कामावरून नुकतीच आलेली किंवा बाहेर पडायच्या बेतात असते. खुर्चीच्या पाठीवर टाकलेला ड्रेस, लोखंडी पलंग, भाड्याची खोली हे तपशील स्लिपबरोबरच अर्थपूर्ण होतात, आणि नाव चुकले की चित्रातली नोकरदार स्त्री दिसेनाशी होते. म्हणूनच स्त्रियांच्या साऱ्या अंतर्वस्त्रांना लावला जाणारा ‘लाँजरी’ हा सरसकट शब्द या चित्रांवर अन्याय करतो, असे माझे ठाम मत आहे.

कापडाचा इतिहास याला दुजोरा देतो. मे १९४० मध्ये नायलॉनचे मोजे अमेरिकेत सर्वत्र विक्रीला आले, पण युद्धात ते सूत पॅराशूटकडे वळले. त्यामुळे युद्धकाळातील स्लिपा प्रामुख्याने रेयॉनच्या, पुष्कळशा तिरक्या कापाच्या (कापड विणीला तिरपे कापून शिवलेल्या) होत्या, तर युद्धानंतर झटपट वाळणारे, इस्त्री न लागणारे नायलॉन ट्रायकॉट हे बारीक विणीचे कापड घरोघर पोहोचले. १९४७ च्या पॅरिस फॅशनने आवळलेली कंबर परत आणली आणि चित्रकारांनीही ती उचलली. छातीवरची लेसची पट्टी आणि खांद्यावरून घसरलेला एक पट्टा ही मुखपृष्ठांची ठरलेली खूण झाली.

त्याआधीच्या स्वस्त मासिकांच्या मुखपृष्ठांवर फाटलेली अंतर्वस्त्रे राजरोस असत. १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरांनी त्यांवर हरकत घेतल्यावर एका मालिकेला १९४३ पासून नावच बदलावे लागले. पुढे बाजार २५ सेंटच्या पॉकेटबुकांकडे गेला. औषधांच्या दुकानांत आणि बसस्थानकांवर मांडलेल्या, जेमतेम सव्वाचार इंच रुंदीच्या या पुस्तकाला गिऱ्हाईक खेचायला मुखपृष्ठाखेरीज दुसरे साधन नव्हते. स्लिप छातीपासून गुडघ्यापर्यंत सारे झाकते, त्यामुळे आक्षेपाला उत्तर तयार असे. शिवाय तिची चमक लांबून नजरेत भरे. आक्षेप नेहमी अंतर्वस्त्रांवरच येई असेही नाही. १९४८ मधले सर्वांत गाजलेले मुखपृष्ठ प्राचीन ग्रीक पेहरावातील स्त्रीचे होते. वस्त्र पायघोळ, पण कापडाखालून स्तनाग्र स्पष्ट दिसत होते.

१९५२ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाने अश्लील साहित्याच्या चौकशीसाठी निवड समिती नेमली. तिच्या सुनावणीत, फ्रेंच महिला सैनिकांच्या लंडनमधील बराकीवर बेतलेले, १९५० साली थेट पॉकेटबुक म्हणून आलेले एक पुस्तक विशेष चर्चेत आले. त्याच्या मुखपृष्ठावर कपडे बदलणाऱ्या स्त्रिया होत्या आणि त्यांच्याकडे पाहणारी एक गणवेशधारी स्त्री. समितीच्या बहुमताने कडक कायद्यांची शिफारस केली, तर काही सदस्यांनी विरोधी मत नोंदवले. माझ्या मते कपडे बदलण्यात वावगे असे काही नव्हते; खरे अस्वस्थ करणारे होते ते एका स्त्रीचे दुसऱ्या स्त्रीकडे पाहणे.

साठच्या दशकात पँटीहोज (कमरेपर्यंतचे सलग मोजे) आणि आखूड ड्रेस आले, रंगवलेल्या मुखपृष्ठांची जागा छायाचित्रे घेऊ लागली आणि स्लिप दोन्हीकडून मागे पडली. २००३ मध्ये ब्रुकलिनच्या संग्रहालयात पल्प मासिकांच्या, म्हणजे त्या जुन्या स्वस्त मासिकांच्या, मूळ चित्रांचे प्रदर्शन भरले, तोवर अशी असंख्य चित्रे छपाईनंतर फेकली गेली होती. जिथे उरली आहे ती केवळ पिवळी पडलेली छापील प्रत, तिथे स्लिप पांढरी होती की फिकट गुलाबी, हे ठरवणे अवघड जाते. काळ ओळखायला मग कापाकडे आणि लेसच्या रुंदीकडेच पाहावे लागते.