हाका नव्हे, साद : एल्कला आवाजाने बोलावण्याच्या कलेची पार्श्वभूमी

आपल्याकडच्या जुन्या शिकारीत हाका घालायचे. डबे-ढोल बडवत जनावराला झाडीतून मचाणाकडे रेटायचे. अमेरिकेच्या रॉकी पर्वतात सप्टेंबरमध्ये एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीत चालतो तो प्रकार याच्या नेमका उलटा आहे. तिथे जनावर स्वतःच्या पायांनी चालत यावे लागते, तेही पंचवीस-तीस मीटरपर्यंत, कारण हातात बंदूक नसून धनुष्य असते. तित्तराचा आवाज काढून त्याला फाशात आणणाऱ्या फासेपारध्यांची विद्या याच्या जास्त जवळची म्हणावी लागेल.

एल्क म्हणजे वापिटी. शॉनी या मूळ अमेरिकी लोकांच्या भाषेतल्या या नावाचा अर्थ ‘पांढऱ्या ढुंगणाचा’ असा आहे. (युरोपात मात्र ‘एल्क’ म्हटले की मूस हे वेगळेच हरीण समजतात, त्यामुळे जुनी पुस्तके वाचताना घोटाळा होतो.) काश्मीरचा हंगूल हा त्याचा नात्यातला. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोच्या पुढे जातो. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत माजाचा जोर असतो. मादी एका वेळी जेमतेम एक दिवस माजावर राहते आणि गाभण राहिली नाही तर साधारण तीन आठवड्यांनी पुन्हा माजावर येते. एवढ्याशा संधीसाठी कळपाचा धनी असलेला नर खाणेपिणे विसरून माद्या राखत बसतो आणि बाकीचे नर कडेने घिरट्या घालतात. ही सगळी ओढाताण आवाजातून चालते, म्हणूनच माणसाला तिच्यात शिरता येते.

नराच्या आरोळीला तिथे ‘ब्यूगल’ म्हणतात. ती खर्जातून सुरू होते, झर्रकन तारस्वरात चढते, तिथे दोन-तीन सेकंद ठरते आणि शेवटी ‘खॅक-खॅक-खॅक’ असे तुटक हुंकार येतात. एवढ्या धिप्पाड जनावराची शीळ इतकी बारीक कशी, हे कोडे बराच काळ होते. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार नर एकाच वेळी दोन आवाज काढतो : स्वरतंतूंतून सुमारे 150 हर्ट्‌झची गुरगुर आणि तिच्यावर 4000 हर्ट्‌झपर्यंत जाणारी शीळ. नुसती शीळ फुंकणाऱ्याचा आवाज पोकळ का वाटतो, याचे उत्तर इथे मिळते. त्यात खालची गुरगुर नसते.

अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या लाकोटा या मूळ रहिवाशांनी या आरोळीत प्रणयाची शक्ती पाहिली. नर एल्क नुसत्या आवाजाने माद्या गोळा करतो, म्हणून त्यांच्याकडे प्रेयसीसाठी वाजवायच्या बासरीचे नाते एल्कशी जोडलेले आहे. पुढच्या काळातल्या शिकाऱ्यांची साधने ओबडधोबड होती. बांबूची किंवा नळाच्या तुकड्याची शिट्टी, जोरात फुंकली की दोन-तीन स्वर चढणारी. माजाच्या भरात असलेला नर तिलाही उत्तर देई, पण जवळ येईलच याची खात्री नसे.

मधल्या काळात जनावरच संपत आले होते. पूर्वेकडचा एल्क 1880च्या आसपास नामशेष झाला. मांसासाठी, कातड्यासाठी आणि चक्क सुळ्यांसाठीही कत्तल झाली. 1912 साली वायोमिंगमधल्या जॅक्सनला एल्कसाठी राखीव क्षेत्र झाले आणि यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातले एल्क इतर राज्यांत नेऊन सोडले गेले. आज संख्या दहा लाखांच्या घरात आहे.

धनुष्य परत आले ते वेगळ्या वाटेने. ‘याही’ नावाच्या मूळ अमेरिकी जमातीतला ईशी 1911 साली कॅलिफोर्नियात लोकांसमोर आला. त्याच्याकडून डॉ. सॅक्स्टन पोप धनुर्विद्या शिकले आणि पोप व आर्थर यंग यांनी शिकारी धनुष्याला पुन्हा प्रतिष्ठा दिली. विस्कॉन्सिन राज्याने 1934 मध्ये हरणांसाठी धनुष्याचा वेगळा हंगाम दिला. 1969 मध्ये हॉलिस विल्बर ॲलनला कप्पीवाल्या कंपाउंड धनुष्याचे पेटंट मिळाले आणि पूर्ण ताणलेली दोरी धरून नराची वाट बघणे सामान्य माणसाच्या ताकदीत आले. बहुतेक पश्चिमी राज्यांनी बंदुकीचा मुख्य हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ठेवला आणि सप्टेंबर धनुर्धाऱ्यांना दिला. माजाचा महिना आणि जवळून मारायचे हत्यार अशी गाठ पडली आणि साद घालणे हा हौसेचा भाग न राहता गरज झाली.

खरा बदल घडवला टर्की पक्ष्याच्या शिकाऱ्यांच्या तोंडात धरायच्या शिट्टीने, म्हणजे डायफ्रॅमने. 1970-80च्या दशकांत तो एल्कसाठी वापरात आला. घोड्याच्या नालासारखी छोटी चौकट, तिच्यावर ताणलेले लेटेक्सचे एक-दोन पातळ पडदे आणि भोवती चिकटपट्टीची झालर, एवढाच ऐवज. तो टाळूला चिकटवायचा, उघडी बाजू दातांकडे. कडेने हवा सुटली तर आवाज फुटत नाही, म्हणून झालर आपल्या टाळूच्या मापाने थोडी थोडी कापायची; एकदम जास्त कापली की तो डायफ्रॅम वाया गेला. नवख्याला उमासे येतात. अशा वेळी आधी नुसता तोंडात धरून सवय करावी. मग ‘स्स्स’ असा श्वास सोडायचा, तोही गालातून नव्हे, पोटातून. जीभ हळूहळू वर दाबली की फरफर थांबून स्वर लागतो. दाब वाढवला की स्वर चढतो. बहुतेक जण हवा जास्त आणि जिभेचा दाब कमी देतात, आणि आवाज चिरकतो. खालच्या हुंकारांना पोकळी हवी, म्हणून पुढे नळी धरतात. सुरुवातीला व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप किंवा मुलांची प्लॅस्टिकची बॅट कापून ती बनवत. काम झाल्यावर डायफ्रॅम धुऊन, पडद्यांमध्ये टूथपिक घालून थंड, अंधाऱ्या जागी ठेवतात. उन्हाने लेटेक्स लवकर मरते.

दुसरे वळण आमच्या मते याहून मोठे. 1980च्या दशकापर्यंत सगळे फक्त नरासारखे ओरडत. माद्यांचा धनी असे आव्हान ऐकले की अनेकदा लढायला न येता माद्या हाकत दरीपलीकडे निघून जातो. मग मादीच्या ‘ईऽयाव’ या सेकंदभराच्या, वरून खाली उतरणाऱ्या हाकेची साधने बाजारात आली आणि डाव बदलला. मादी बोलावते म्हटल्यावर एकटा नर कधी कधी एक शब्द न काढता येतो. म्हणून साद घालून दोन मिनिटांत जागा सोडणे ही नेहमीची चूक ठरते.

जोडीने शिकार करताना साद घालणारा धनुर्धाऱ्याच्या चाळीस-पन्नास मीटर मागे बसतो. कारण आवाजाची जागा नजरेच्या टप्प्यात आली की नर थबकतो आणि मादी डोळ्यांनी शोधतो. दिसली नाही तर साठ-सत्तर मीटरवरूनच परत फिरतो. आणि जवळजवळ नेहमीच तो वळसा घालून वाऱ्याखालून, वास घेत येतो. डोंगरात ऊन चढले की हवा वर वाहते आणि सावली पडली की उताराने खाली येते. बदल व्हायच्या त्या अर्ध्या तासात झुळूक फिरून माणसाचा वास त्याच्याकडे गेला की एकच ‘भॉक्’ ऐकू येते. तो इशाऱ्याचा आवाज, आणि त्यानंतर त्या उतारावर त्या दिवशी कितीही सुरेल साद घातली तरी सहसा कोणी येत नाही.