टायर कापायला आणण्याआधी: बाण काढा, बाजू लिहा

चिखलातल्या शर्यतीच्या ट्रकचे टायर आम्ही कापून देतो हे तुम्हाला माहीत आहेच. तरी हे पत्रक छापलं, कारण काम नेल्यावर ज्या तक्रारी येतात त्यातल्या बहुतेक कापकामाच्या नसतात. टायर उलटा चढवलेला असतो. ‘कापल्यापासून गाडी उलट जास्त रुततेय’ असा फोन आला की आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बाण कुठल्या दिशेला आहे?

उलट्या टायरचं काय होतं

कारखान्यातून आलेले बरेच मड टायर दोन्ही दिशांना सारखेच चालतात. कापल्यावर ते तसे राहत नाहीत. टायर फिरताना लगची (टायरवरच्या उंच रबरी ठोकळ्याची) जी कड पुढे असते, तिच्यात आम्ही फावड्यासारखी खोलगट खाच घेतो. ती चिखल धरते आणि मागे रेटते. मागची कड तिरपी उतरवतो, म्हणजे लग जमिनीतून वर येताना चिखल सुटून उडून जातो. टायर उलटा बसला की दोन्ही कामं बिघडतात. तिरपी कड चिखलावरून नुसती घसरते, खोलगट कड चिखल सोडत नाही, आणि थोड्याच वेळात लगमधल्या फटी भरून टायरचा गुळगुळीत गोळा होतो. इंजिन ओरडतं, गाडी जागची हलत नाही.

म्हणून चारही टायर गाडीवर असतानाच खुणा करा, सोडल्यावर नको. गाडीच्या डाव्या अंगाला, चाकाकडे तोंड करून उभे राहा. गाडीचं नाक तुमच्या डाव्या हाताला येईल. टायरच्या माथ्यावर, बाहेरच्या भिंतीवर डावीकडे तोंड असलेला बाण काढा. उजव्या अंगाला बाण उजवीकडे. बाणाखाली लिहा: ‘डावा पुढचा’, ‘उजवा मागचा’, जे असेल ते. पिवळा किंवा पांढरा पेंट मार्कर वापरा. खडू धुण्यात जातो.

ट्रॅक्टरच्या आर-१ (शेतकामाच्या नेहमीच्या नक्षीच्या) टायरला दिशा मुळातच असते. मागे उभं राहून टायरच्या माथ्याकडे पाहिलं तर लगांच्या ‘व्ही’चं टोक गाडीच्या नाकाकडे हवं. तरीही बाण काढाच. रिमवर उलटे चढवून आणलेले आर-१ आम्ही कमी पाहिलेले नाहीत.

बिनखुणेची जोडी आली तर आम्ही काम सुरू करत नाही, आधी विचारतो. त्यात दिवस जातो, काहींना त्याचा रागही येतो. पण बाहेरचा खांदा (भिंतीलगतची कडा) आम्ही आतल्यापेक्षा जास्त मोकळा कापतो, त्यामुळे दोन्ही टायर एकाच बाजूचे समजून कापले तर दोन्ही डाव्या पायाचे बूट हातात येतात. एक टायर रिमवर उलटवून दिशा जुळवता येईल, पण मग त्याचा मोकळा खांदा आत जातो. शिवाय बीडलॉक रिंगचे (टायरची कड रिमला दाबून धरणाऱ्या रिंगचे) सगळे बोल्ट सोडा, टायर उलटवा, समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत परत बसवा, हा व्याप वेगळाच.

जोडीतले दोन्ही टायर उलटे बसले असतील तर मात्र रिम खोलू नका. डावं चाक उजवीकडे, उजवं डावीकडे लावा, झालं.

टायर निवडताना

मैदान पाहून ठरवा. वर पातळ रेंदा आणि खाली कडक तळ असेल तर उंच, अरुंद टायर तळापर्यंत पोचतो आणि तिथे पकडतो. तळच लागत नसेल तर रुंद टायर हवा, नाहीतर गाडी विहीर खणत बसते. चिकणमातीला लगमध्ये मोकळी जागा जास्त लागते आणि चाकाचा वेगही, कारण तिथे टायर साफ होतो तो गरगर फिरूनच.

उंचीचा मोह मात्र आवरा. हिशेब सोपा आहे. चाकाचा वेग ताशी किलोमीटरमध्ये हवा असेल तर आरपीएम गुणिले टायरची इंचातली उंची, या गुणाकाराला (एकूण गिअर रेशो गुणिले २०९) ने भागा. एकूण रेशो म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनचे किती फेरे. एकूण रेशो ५.१३, इंजिन ६००० आरपीएम आणि ३८ इंची टायर असेल तर सुमारे २१३ किमी निघतो. त्याच गाडीला ४४ इंची टायर लावला तर कागदावर २४६. पण जड टायर ओढताना इंजिन ४५०० वरच अडकलं तर हाती येतो १८५. म्हणजे टायर वाढला आणि चाकाचा वेग घटला. ४४ इंचीच हवा असेल तर रेशो ५.९४ च्या आसपास न्या, मग टायर आणा.

दोन्ही बाजूंचे टायर एकाच हवेवर ठेवून भोवतालचा घेर टेपने मोजा. बायस टायरमध्ये (आतले दोरे तिरपे टाकलेल्या) एकाच मापाच्या जोडीतही फरक निघतो. लॉक केलेल्या एक्सलवर (दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणाऱ्या) तो फरक गाडी एका अंगाला ओढून दाखवतो.

ट्रॅक्टर टायरबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्याच्या भिंतीवर ए८ लिहिलेलं असेल तर तो ताशी ४० किमीसाठी बनवलेला आहे. शर्यतीत तो त्याच्या कितीतरी पुढे पळवला जातो. लगचं वजन उतरवलं की टायर फाडणारा ताण कमी होतो, धोका संपत नाही. कापलेला कोणताही टायर रस्त्यावर चालवायचा नाही.

कापताना आम्ही काय पाहतो

आधी लग मोजतो. एकाआड एक लग काढायचा तर एका बाजूच्या लगांची संख्या सम हवी. २२ असतील तर ११ निघतात, ११ राहतात, कुठेही विसंगती नाही. २३ असतील तर शेवटी दोन लग शेजारी शेजारी राहतात किंवा दोन एकदम जातात, आणि त्या जागी टायर प्रत्येक फेऱ्याला ठोका देतो. अशा टायरचे लग न काढता आम्ही त्यांची उंची आणि रुंदी कमी करतो. प्रत्येक टायरमधून निघालेलं रबर वजन करून जोडी जुळवतो आणि आकड्यांची चिठ्ठी सोबत देतो. तुमच्या नक्षीचा पुठ्ठ्याचा साचाही आमच्याकडे राहतो. पुढच्या हंगामात एकच टायर बदलावा लागला तरी तो बाकीच्या तिघांशी जुळतो.

लग वर अरुंद, बुडाशी रुंद ठेवतो. वरपासून खालपर्यंत सारखाच बारीक केलेला लग जोरात फिरताना दुमडतो आणि बुडातून तुटतो. खाचेचा तळही गोल ठेवतो. चौकोनी कोपऱ्यातून चीर सुरू होते. लगमधल्या तळाखाली आम्ही जात नाही. तिथे टायरच्या आतल्या दोऱ्यांवर रबराचा पातळ थरच असतो. घरी गरम ब्लेडने सुरुवात करून आणलेल्या टायरमध्ये नेमके हेच दोरे दिसतात, आणि दोरे दिसले की टायर बाद. ब्लेड लाल झालं, रबरातून धूर निघाला, तर हात हलका राहत नाही आणि खोली चुकते. घरी करायचंच असेल तर एका वेळी अर्धीच खोली घ्या.

लगमध्ये बारीक चिरा पाडून द्या, असं बरेच जण म्हणतात. बर्फावर त्यांचा उपयोग आहे, चिखलात नाही. उलट चिरलेल्या लगचे तुकडे उडतात. ते काम आम्ही घेत नाही.

जुना टायर आणण्याआधी भिंतीवरच्या डीओटी (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. फार जुन्या टायरचं रबर नख रुतणार नाही इतकं कडक झालेलं असतं आणि ब्लेडखाली कापलं न जाता फाटतं.

आणताना

तुमच्या वर्गाचे नियम सोबत आणा. काही वर्गांत कापलेला टायर चालतच नाही, आणि कापलेलं रबर परत चिकटवता येत नाही. टायर धुऊन आणा. फटीत अडकलेला एक खडा ब्लेड घालवतो. नक्षी पहिल्यांदाच करत असाल तर आधी मागची जोडीच द्या, एक शर्यत पळवून पाहा, मग पुढची.

परत नेल्यावर रिम आणि टायर दोन्हींवरून जाणारी एक सरळ रेघ मारा. पहिल्या फेरीनंतर रेघ तुटलेली दिसली तर टायर रिमवर सरकतोय. हवा आणि बीडलॉकचे बोल्ट तपासा. ट्यूब असेल तर सरकलेला टायर वॉल्व्ह उपटतो, म्हणून ही रेघ प्रत्येक फेरीनंतर बघायची. आणि मार्कर ओल्या टायरवर उठत नाही, आधी फडक्याने कोरडा करा.