फोटो लहान करायचा, पण कसा? क्रॉप आणि स्केल

भरतीची जाहिरात निघाली की दारव्हा, आर्वी, उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावी सेतू केंद्रासमोर पोरापोरींची रांग लागते. कित्येकांचा अर्ज नुसत्या फोटोपायी अडतो. हे काम घरच्या किंवा मित्राच्या कॉम्प्युटरवर स्वतः करता येतं. गिम्प हे फोटोवर काम करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की नेट नसलं तरी चालतं. फक्त त्यातल्या क्रॉप आणि स्केलमध्ये गल्लत करू नका.

क्रॉप म्हणजे कापणं. मागचं तुरीचं वावर, बाजूला उभा असलेला भाऊ, सगळं जातं आणि चेहरा जसाच्या तसा राहतो. स्केल काहीच कापत नाही. तेच अख्खं चित्र कमी किंवा जास्त पिक्सेलमध्ये, म्हणजे चित्र ज्यांचं बनतं त्या बारीक ठिपक्यांमध्ये, बसवतं.

आयबीपीएसचा बँक भरतीचा अर्ज घ्या. फोटो 200 × 230 पिक्सेल, फाइलचा आकार 20 ते 50 केबी. मोबाइलचा उभा फोटो असतो साधारण 3000 × 4000. त्याला थेट स्केल करून रुंदी 200 टाकली, तर उंची 267 येते. मग 230 साठी रुंदी-उंचीचं प्रमाण बांधून ठेवणारी साखळीची खूण तोडतात, आणि चेहरा दाबल्यासारखा रुंद दिसतो. म्हणून आधी क्रॉपच. शिफ्ट आणि सी दाबा, टूलच्या पर्यायांत ‘फिक्स्ड’ला खूण करून ॲस्पेक्ट रेशो (रुंदी-उंचीचं प्रमाण) 200:230 द्या, चौकट चेहऱ्या-खांद्यांवर बसवा, एंटर. त्यानंतर ‘इमेज’ मेनूतलं ‘स्केल इमेज’. आता साखळी न तोडताही माप बरोबर बसतं. सहीचंही असंच, फक्त माप 140 × 60.

केबी मात्र क्रॉप-स्केलनंतर बघायचे. ‘एक्सपोर्ट ॲज’मध्ये जेपीजी निवडलं की क्वालिटीची पट्टी येते, ती मागेपुढे करून आकडा बसवा. मूळ फोटोवरच एक्सपोर्ट करू नका, नवं नाव द्या.

आणि स्केल करून फोटो मोठा करायच्या फंदात तर पडूच नका. लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा कापला, तो जेमतेम 150 पिक्सेल रुंद निघाला. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा पासपोर्ट फोटो 300 डीपीआयने (इंचाला 300 ठिपके) छापायला 413 × 531 पिक्सेल लागतात. स्केल तेवढे पिक्सेल भरून देतं खरं, पण आजूबाजूच्या रंगांवरून अंदाजाने. भुवया, केस धूसरच राहतात. अशा वेळी भिंतीसमोर, दिवसाच्या उजेडात नवा फोटो काढा आणि कॉम्प्युटरवर केबलने घ्या. व्हॉट्सॲपनेच पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे वाटेत त्याचे पिक्सेल कमी होणार नाहीत.