उष्टं पुरू नका, पिशवी टांगू नका

किनवट-माहूरचं जंगल आणि कन्नडजवळचं गौताळा अभयारण्य हे मराठवाड्यातले अस्वलांचा वावर असलेले पट्टे. पावसाळा लागला की सहस्रकुंड, पितळखोऱ्याच्या बाजूला पाठीवर सॅक टाकून पोरं निघतात. सॅकमध्ये धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गुळाचा खडा असतो. रानात मुक्काम असला तर ती सॅक झाडाला टांगायची आणि उरलेलं अन्न खड्ड्यात पुरायचं, असं सांगणारे खूप भेटतात. आपल्या अस्वलापुढे हे दोन्ही उपाय टिकत नाहीत.

त्याचं शरीर पाहिलं की कारण कळतं. वाळवी आणि मुंग्या हे त्याचं मुख्य अन्न. पंजाची नखं सात-आठ सेंटीमीटर लांब, वाकडी. उन्हाने दगडासारखं झालेलं वारूळही ते फोडतं. मग फुंकर मारून माती उडवायची, ओठांची नळी करायची आणि वाळवी आत ओढून घ्यायची. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच, त्या फटीतून वाळवी सरळ तोंडात जाते. माती नाकात जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटता येतात. जमिनीखालचं अन्न वासावरून हुडकून उकरणं हा ज्याचा रोजचा उद्योग, त्याच्यासाठी वीतभर खोल पुरलेली भाजी म्हणजे काहीच नाही. झाडाचंही तेच. संकटात हे अस्वल सहसा झाडावर चढत नाही, पण मधाच्या पोळ्यासाठी हमखास चढतं.

अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाने हा धडा महागात घेतला. तिथली काळी अस्वलं माणसांच्या खाण्याला इतकी सोकावली होती की १९९८ या एका वर्षात दीड हजारांहून जास्त घटनांची नोंद झाली. गाड्यांची दारंसुद्धा फाडली गेली. आज तिथल्या रानात मुक्काम करणाऱ्याला अन्न टांगायला मनाई आहे, अस्वलरोधक डबा सक्तीचा आहे. जबड्यात मावणार नाही एवढा जाड, गुळगुळीत, कडी-कोयंडा नसलेला गोल डबा. तो तंबूपासून लांब, जमिनीवरच ठेवतात. साबण, टूथपेस्टही त्यातच, कारण वास त्यांनाही असतो.

आपलं अस्वल स्वभावाने वेगळं आहे, तंबू लुटायची त्याला सवय नाही. ती लागू नये, हीच माझी कळकळ आहे. कर्नाटकातल्या दरोजी अभयारण्यात पर्यटकांना अस्वल दिसावं म्हणून खडकांना गुळाचं मिश्रण फासतात आणि अस्वलं तिथे येतात. निलगिरीत देवळातल्या दिव्यांचं तेल प्यायला अस्वलं शिरल्याच्या बातम्या येतात. गोड आणि तेलकट मिळालेली जागा हा प्राणी विसरत नाही.

म्हणून अन्नाची सोय अशी करा. पातळ पॉलिथिनच्या पिशवीतून वासाचे रेणू बाहेर झिरपतात. झाकणाला घट्ट रबरी रिंग असलेला स्टीलचा डबा त्याहून कितीतरी बरा. पण वास कोंडला म्हणजे डबा अस्वलरोधक झाला असं नाही, त्यामुळे तो झोपण्याच्या जागी कधीच नको. बंद गाडीत किंवा वनखात्याच्या चौकीत ठेवा. तशी सोय नसेल तर स्वयंपाक, जेवण आणि डबा हे सगळं तंबूपासून शंभरेक मीटर दूर, आणि वारा तंबूकडून तिकडे वाहत असेल अशा बाजूला. उष्टं, साली, तेलकट कागद परत गावात आणा. अभयारण्यात मुक्कामाला वनखात्याची परवानगी लागते; ती घेतानाच अस्वल अलीकडे कुठे दिसलं हे वनरक्षकाला विचारून घ्या.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाच्या झाडाखाली मुक्काम करूच नका. फुलं रात्री आणि पहाटे गळतात. किनवटकडचे आंध, गोंड, कोलाम उजाडायच्या आत ती वेचायला जातात आणि त्याच वेळी अस्वलही तिथे आलेलं असतं. त्याची नजर अधू, ऐकू येणंही बेताचंच, त्यात ते खाण्यात गुंगलेलं. माणूस अगदी जवळ आल्यावरच दचकतं आणि अंगावर येतं. म्हणून झुडपांतून जाताना मोठ्याने बोलत, काठी आपटत चला. दिसलंच तर पळू नका, त्याच्यावर नजर ठेवून हळूहळू मागे सरका. अंगावर आलंच तर पालथं पडा, बोटं मानेमागे गुंफा, चेहरा जमिनीला टेकवा आणि सॅक पाठीवरच राहू द्या.