हवामानाचा इशारा मोबाइलवर मिळण्यासाठी काय लागते? नाशिककरांसाठी पात्रता, कागदपत्रे आणि नेमकी अडचण

अतिवृष्टी, वीज किंवा पुराचा सरकारी इशारा मोबाइलवर मिळावा यासाठी अर्ज करावा लागत नाही, शुल्क भरावे लागत नाही आणि कोणतेही कागदपत्र जोडावे लागत नाही. पात्रता एवढीच, की इशारा निघतो त्या वेळी चालू असलेला मोबाइल इशाऱ्याच्या क्षेत्रात असावा. त्यामुळे ‘नोंदणी करून देतो’ असे सांगून कोणी पैसे, आधार क्रमांक किंवा ओटीपी मागितल्यास कृपया देऊ नये.

तरीही ‘आम्हाला इशारा आलाच नाही’ ही तक्रार पावसाळ्यात ऐकू येते आणि तिच्या मुळाशी बहुधा एक गैरसमज असतो. इशारा घराच्या पत्त्यावर किंवा कुटुंबप्रमुखाच्या क्रमांकावर येतो, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या, सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने विकसित केलेल्या ‘सचेत’ यंत्रणेत इशाऱ्याचे क्षेत्र नकाशावर आखले जाते आणि त्या क्षेत्रातील टॉवरशी त्या वेळी जोडलेल्या मोबाइलवर संदेश जातो; सिमकार्ड कोणत्या पत्त्यावर घेतले, याचा त्याच्याशी संबंध नसतो. घर सायखेड्यात आणि कमावता मुलगा अंबडच्या कारखान्यात पाळीवर असेल, तर गोदाकाठच्या गावांपुरता काढलेला इशारा त्याच्या मोबाइलवर येईलच असे नाही, आणि घरातला एकमेव फोन त्याच्याच खिशात असेल तर घरच्यांना कोणीच कळवणार नाही. म्हणून घरी किंवा शेतावर थांबणाऱ्या माणसाजवळ एक चार्ज केलेला फोन असणे, हीच यातली खरी अट आहे. तो साधा बटणांचा असला तरी एसएमएस येतो. बाहेरगावी राहणाऱ्यांनी ‘सचेत’ ॲप घेऊन त्यात नाशिक जिल्हा निवडावा.

सेल ब्रॉडकास्ट हा इशाऱ्याचा प्रकार एसएमएसहून निराळा आहे. त्यात मोठ्या आवाजासह संदेश थेट पडद्यावर येतो आणि त्याला इंटरनेट लागत नाही. चाचणीच्या वेळी घाबरून अनेकांनी ही सोय बंद करून टाकलेली असते. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमधील ‘सेफ्टी अँड इमर्जन्सी’ या भागात ‘वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स’ असते. ते चालू आहे का, हे घरातील ज्येष्ठांच्या फोनवर आवर्जून पाहावे.

विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे ‘दामिनी’ ॲप आहे. ते आपल्याभोवतीच्या 20 आणि 40 किलोमीटरच्या परिसरातील विजांची माहिती देते. मात्र लोकेशनची परवानगी नाकारली, किंवा बॅटरी वाचवण्याच्या सोयीने ॲप मागे बंद पडले, तर ते गप्प राहते. शेतकऱ्यांसाठीच्या ‘मेघदूत’ ॲपवरील कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. द्राक्षबागायतदारांना तो फवारणीच्या नियोजनासाठी उपयोगी पडतो, परंतु अर्ध्या तासात येणाऱ्या वादळासाठी त्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो मुदतीचा. हवामान विभागाचा तात्कालिक इशारा साधारण तीन तासांपुरता असतो. तोच संदेश व्हॉट्सॲपवरून संध्याकाळपर्यंत फिरत राहिला की लोक एकतर विनाकारण धास्तावतात किंवा पुढच्या खऱ्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करतात. त्यामुळे संदेशात दिलेली तारीख आणि वेळ आधी वाचावी. पावसाच्या मोजणीचा दिवस सकाळी 8.30 ते दुसऱ्या सकाळी 8.30 असा धरतात, हेही ध्यानात ठेवावे. शिवाय ‘नाशिक घाट’ यासाठी काढलेला ऑरेंज अलर्ट इगतपुरी, त्र्यंबकेश्वरच्या घाटमाथ्यासाठी असतो. तो येवल्यातही लागू आहे असे समजून नंतर ‘अंदाज चुकला’ म्हणणे योग्य नाही. अर्थात, संदेशात तालुक्यांची नावे स्पष्ट लिहिली असती तर हा गोंधळ झालाच नसता, आणि ती जबाबदारी नागरिकांची नव्हे, यंत्रणेची आहे.

घाटात पाऊस असताना शहरात ऊन पडलेले असू शकते आणि त्याच वेळी गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला गेलेला असू शकतो. अशा वेळी आकाशाकडे पाहून निर्णय घेऊ नये. विसर्गाचा आकडा क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडले जाते या मापात, जाहीर होतो. तो वाढत असल्याचे कळताच रामकुंड, सराफ बाजार, तसेच खाली चांदोरी, सायखेडा येथील नदीकाठच्या कुटुंबांनी वाहने, जनावरे आणि दुकानातील माल हलवण्यास सुरुवात करावी. संदेश आला नाही किंवा त्यातील मजकूर समजला नाही, तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाच्या 1077 या क्रमांकावर विचारावे, आणि जीवावर बेतले असेल तर थेट 112 लावावा.