लिनक्समधील बिघडलेला कॅशे: जुन्या तडजोडीची पार्श्वभूमी

पावसाळ्यात खानापूर तालुक्यात वीज वारंवार जाते, आणि बेळगाव-निपाणी पट्ट्यातील ज्या वाचनालयांत व डीटीपीच्या दुकानांत जुन्या संगणकांवर लिनक्स बसवलेले आहे, तेथे वीज परत आल्यावर फाइलसिस्टीम (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी रचना) दुरुस्तीची मागणी करते. ‘कॅशे बिघडला’, म्हणजे मेमरीतील तात्पुरत्या साठ्यात बिघाड झाला, असे निदान मग सर्रास केले जाते. माझ्या मते ते बहुधा अपुरे असते, कारण वीज जाताच मेमरीतील कॅशे नाहीसा होतो. मागे राहते ती डिस्कवरील अर्धवट नोंद.

मेमरीच्या तुलनेत डिस्क फार संथ असल्याने लिहिलेला मजकूर आधी मेमरीत ठेवून सवडीने डिस्कवर उतरवण्याची पद्धत, म्हणजेच वेगासाठी केलेली तडजोड, युनिक्स या जुन्या कार्यप्रणालीकडून लिनक्सकडे आली. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत बदललेला मजकूर सुमारे 30 सेकंद मेमरीतच राहू शकतो. 1993 मध्ये आलेल्या एक्स्ट२ या लिनक्सच्या फाइलसिस्टीममध्ये जर्नल, म्हणजे बदलांची आगाऊ नोंदवही, नव्हते. त्यामुळे संगणक अचानक बंद पडला की एफएससीके या तपासणी-दुरुस्तीच्या प्रोग्रामला संपूर्ण डिस्कची रचना तपासावी लागे, आणि डिस्क जितकी मोठी तितका हा वेळ वाढे. विकासक स्टीफन ट्वीडी यांची पुढची आवृत्ती एक्स्ट३ 2001 मध्ये मुख्य कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) आली. रचनेतील बदल आधी जर्नलमध्ये नोंदवले जाऊ लागल्याने अपघातानंतर तेवढ्याच नोंदी पुन्हा लागू करणे पुरेसे ठरू लागले. मात्र हे संरक्षण प्रामुख्याने रचनेचे होते; जतन न झालेला परिच्छेद जर्नल परत आणत नाही, आणि हा भेद लक्षात न घेतल्यानेच पुष्कळांचा अपेक्षाभंग होतो.

डिसेंबर 2008 मध्ये कर्नल 2.6.28 सोबत एक्स्ट४ स्थिर म्हणून जाहीर झाले. वेगासाठी त्यात डिस्कवरील जागा ठरवणे लांबणीवर टाकले जाई. परिणामी 2009 मध्ये संगणक अचानक बंद पडल्यानंतर शून्य लांबीच्या फाइली आढळल्याच्या तक्रारी आल्या आणि जुन्या फाइलची जागा नवी फाइल घेते अशा प्रसंगांसाठी कर्नलमध्ये सुधारणा करावी लागली. 2018 मध्ये पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसच्या विकासकांनी त्याहून गंभीर बाब चर्चेत आणली: डिस्कवर लिहिताना एकदा चूक झाली की ती पाने (मेमरीतील मजकुराचे तुकडे) कर्नल स्वच्छ, म्हणजे डिस्कवर उतरलेली, समजू शकतो आणि एफसिंकची, म्हणजे मजकूर लगेच डिस्कवर उतरवण्याची, पुढची विनंती यशस्वी झाल्याचे कळवतो.

या इतिहासामुळे तपासाचा क्रम ठरतो. प्रथम कर्नलच्या नोंदींत वाचन-लेखनाच्या चुका पाहाव्यात, मग महत्त्वाचा मजकूर दुसऱ्या डिस्कवर उतरवावा, आणि त्यानंतरच फाइलसिस्टीम अनमाउंट करून (वापरातून सोडवून), आणि ती खुद्द लिनक्स बसवलेला मूळ विभाग असल्यास लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स थेट चालते) संगणक सुरू करून, एफएससीके चालवावे. 2006 पासून उपलब्ध असलेली ड्रॉप-कॅशेस सोय केवळ डिस्कवर उतरलेली पाने मेमरीतून काढते, दुरुस्ती करत नाही. तरीही तिचा वापर केल्यावर तीच फाइल नीट वाचता आली, तर संशय रॅमवर घ्यावा आणि मेमटेस्ट ही रॅमची चाचणी चालवावी.